दोन तोंडांची पिशवी

गेल्या खेपेला आपण तोकामाकची ओळख करून घेतली होती. मेदूवड्याच्या आकाराची भट्टी, तिच्याभोवती चुंबकांची वेटोळी आणि आत दहा कोटी अंशांचा प्लाझ्मा. त्यावर निपाणीच्या एका वाचकांचे चांगले तीन पानी पत्र आले आहे. अडीच पाने प्रकृतीची विचारपूस आणि पावसाची तक्रार. शेवटच्या अर्ध्या पानात मुद्दा. ते लिहितात, "वडा करायचा म्हणजे नळी वाकवायची, टोकाला टोक जोडायचे, आत विजेचा प्रवाह सोडायचा. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ नळी घ्यावी, दोन्ही तोंडे चुंबकाने आवळून टाकावीत, झाले." (शब्द त्यांचा आहे बरे का. आमच्या सूनबाई धारवाडच्या, त्यामुळे हा वाक्प्रचार आमच्या घरी जपून वापरतात.)

पत्र वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. प्रश्न भाबडा नाही. सत्तर वर्षांपूर्वी दोन मोठ्या माणसांनी हाच विचार केला होता. शिवाय या प्रश्नाचे माझ्याकडे एक जुने देणे आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

थोडी उजळणी. कारवारजवळ कैगाला युरेनियमचे अणू फोडून वीज होते. सूर्यात उलटे चालते, हायड्रोजनची अणुकेंद्रे एकमेकांत मिसळतात. ती मिसळायची तर त्यांना इतक्या वेगाने एकमेकांवर आदळावे लागते की तापमान दहा कोटी अंशांच्या घरात जाते. त्या उष्णतेत अणू अणू राहत नाही. केंद्र वेगळे, इलेक्ट्रॉन वेगळे. त्या मिश्रणाला प्लाझ्मा म्हणायचे. त्याला धरायला कोणतेही भांडे चालत नाही. पण त्यातला प्रत्येक कण विद्युतभारित असतो आणि असा कण चुंबकरेषेभोवती गिरक्या घेत राहतो, वेलीने काठीला विळखा घालावा तसा. आडवा जाऊन रेषा ओलांडणे त्याला जड जाते. रेषेच्या दिशेने पुढे सरकायला मात्र कोणाची आडकाठी नाही. म्हणून सरळ नळीत बाजूंनी प्लाझ्मा बऱ्यापैकी सांभाळला जातो आणि दोन्ही टोकांनी भसाभस निघून जातो.

हे सगळे मी जेवणाच्या टेबलावर सांगत होतो. सूनबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारले, "एरडू कडे बायी इद्र चीला याक बेकु?" दोन्हीकडे तोंड असेल तर पिशवी हवीच कशाला! या क्षेत्रातल्या सत्तर वर्षांच्या संशोधनावरची याहून नेमकी टीका मी तरी वाचलेली नाही.

अमेरिकेत लिव्हरमोर प्रयोगशाळेतले रिचर्ड पोस्ट आणि सोव्हिएत रशियातले गेर्श बुडकर या दोघांनी १९५०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत, एकमेकांना पत्ता नसताना, एकच तोड काढली. नळीच्या मधल्या भागात चुंबकक्षेत्र सौम्य ठेवायचे आणि दोन्ही टोकांना जबरदस्त करायचे. रेषा टोकाकडे दाटीवाटीने जवळ येतात. कण तिकडे जाऊ लागला की त्याची गिरकी लहान आणि जलद होत जाते. फुगडी घालताना हात आखडून जवळ आलो की गरगर वाढते, तसेच. पण चुंबकक्षेत्र कणाला नवी ऊर्जा देत नाही, त्यामुळे गिरकीला लागणारी वाढीव ऊर्जा त्याच्या पुढे जाण्याच्या वेगातून वजा होते. गिरकी वाढते, पुढची चाल मंदावते, एका जागी चाल शून्य होते आणि कण मागे वळतो. समोरच्या टोकाला पुन्हा तेच. आरशावरून प्रकाश परतावा तसा तो परततो, म्हणून अमेरिकेत याला चुंबकी आरसा म्हटले. आमची नात लगेच म्हणाली, "म्हणजे कन्नडी!" बरोबर, आज्जीचा आरसा आणि आईची कन्नडी. रशियनांनी मात्र आरसा म्हटले नाही. त्यांच्या भाषेत 'प्रोब्का' म्हणजे बाटलीचे बूच. त्यावरून त्यांनी यंत्राचे नाव ठेवले 'प्रोब्कोत्रॉन'. बुचाला कानडीत बिरडे. पण आपल्या घरात बिरडे म्हटले की अर्ध्या मंडळींना वालाची उसळ आठवते, तेव्हा आपण बूचच म्हणू.

नातीला समजावे म्हणून आम्ही चादर धरली. दोन टोके वर, मध्ये खोलगट, आणि त्यात गोटी. गोटी इकडून तिकडे डोलत राहते. जोरात ढकलली तर काठावरून पलीकडे पडते. खेळ छान झाला, पण इथे चादर एक खोटे शिकवते आणि ते सांगायलाच हवे. खऱ्या आरशातून वेगवान कण निसटत नाहीत, 'सरळमार्गी' निसटतात. ज्याच्या वाट्याला गिरकी कमी आणि रेषेच्या दिशेची चाल जास्त, तो मुळी अडतच नाही. टोकाचे क्षेत्र मधल्याच्या चौपट असेल तर रेषेशी ३० अंशांहून कमी कोन करून जाणारा प्रत्येक कण गेला म्हणून समजावे. कागदावर काढले तर हा प्रदेश शंकूसारखा दिसतो, म्हणून त्याला गळतीचा शंकू म्हणतात. सर्व दिशांना सारखे कण सोडले तर चौपट क्षेत्रात जेमतेम १३ टक्के या शंकूत येतात.

तेवढेच जातील आणि बाकीचे राहतील, मग बिघडले काय? बिघडते ते असे की, कण एकमेकांना धक्के देत असतात. आज जो भरपूर गिरक्या घेतो आहे तो दोनचार धक्क्यांनंतर शंकूत ढकलला जातो आणि निघून जातो. आणि निसर्गाची खोड अशी की दोन केंद्रे मिसळण्याची एक घटना घडेपर्यंत असे दिशा बदलणारे धक्के कितीतरी वेळा बसलेले असतात. मग क्षेत्र आणखी वाढवावे? वाढवले तरी फायदा लॉगॅरिदमच्या चालीने होतो. बूच दहापट आवळले तरी कण धरून ठेवण्याचा काळ दहापट होत नाही, अगदी थोडा वाढतो. साध्या आरशाचा हिशेब त्यामुळे असा बसू लागला की जेवढी ऊर्जा आत घालायची, साधारण तेवढीच परत मिळणार. बँकेत हजार ठेवावेत आणि वर्षाने हजारच उचलावेत, वर येण्याजाण्याचे गाडीभाडे आपले.

हे सगळे काम आधी गुप्त होते. १९५५ साली जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष आपले होमी भाभा होते. येत्या दोन दशकांत या ऊर्जेला माणूस काबूत आणील, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले आणि जगाचे कान टवकारले. १९५८च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत दोन्ही बाजूंनी पत्ते उघडले, तेव्हा अमेरिकन आणि रशियन एकमेकांचे सारखेच आराखडे पाहून चकित झाले. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहाने दाखवून दिले की निसर्गाने हे यंत्र कधीच बांधून ठेवले आहे. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र ध्रुवांकडे दाट होते, त्यामुळे व्हॅन ॲलन पट्ट्यांतले कण उत्तर-दक्षिण येरझाऱ्या घालत राहतात. जे शंकूत सापडतात ते वातावरणात घुसतात. ध्रुवीय आकाशातल्या एका मंद, पसरट प्रकाशाचे ते एक कारण आहे.

भाभांचे भाकीत खरे ठरले नाही हे आपण जाणतोच. पण गळतीशी झालेली झटापट मोठी मजेची आहे.

पहिले संकट टोकांचे नव्हतेच, पोटाचे होते. आरशाच्या मधल्या भागात चुंबकरेषा बाहेरच्या बाजूला फुगीर असतात. अशा ठिकाणी प्लाझ्मा ढेरीसारखा बाहेर येतो, रेषांच्या फटीतून बोटे काढतो आणि भिंतीला लागून थंड होतो. टोकांनी निसटायची त्याला गरजही पडत नाही. १९६१ साली मॉस्कोच्या मिखाईल योफे यांनी नळीच्या बाजूने लांब तारांचे दांडे बसवले आणि त्यांतून असा प्रवाह सोडला की मधल्या जागेपासून कोणत्याही दिशेला गेले तरी क्षेत्र वाढतच जावे. प्लाझ्मा जणू वाटीच्या तळाशी बसला. तो एकदम शांत झाला आणि टिकण्याचा काळ कित्येक पटींनी वाढला. योफे यांची ही युक्ती पुढे अतिथंड अणू पकडण्याच्या सापळ्यांत गेली, आणि आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाच्या द्रव्यस्थितीचे अनेक प्रयोग अशाच सापळ्यांत झाले. सूर्याहून तप्त वस्तूसाठी काढलेली तोड जगातल्या सर्वांत थंड वस्तूला उपयोगी पडली.

दुसरे संकट अधिक चमत्कारिक. शंकूतले कण निघून गेल्यामुळे प्लाझ्मात त्या दिशांचे कण कमी पडतात, आणि ही पोकळीच एक खळबळ माजवते. खळबळीने आणखी कण शंकूत ढकलले जातात. लिव्हरमोरच्या '२एक्सआयआयबी' यंत्रावर १९७५ साली याचे औषध सापडले. टोकांकडून थोडा कोमट प्लाझ्मा आत वाहू द्यायचा, म्हणजे रिकामी जागा भरते आणि खळबळ निवते. त्या प्रयोगात आयनांचे तापमान दहा कोटी अंशांवर गेले. फक्त एक खोट राहिली. कोमट प्लाझ्माने इलेक्ट्रॉनही कोमटच राहतात, आणि गार इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून धावताना तप्त आयन आपली उष्णता त्यांना देऊन बसतात. हा इलेक्ट्रॉनांचा मुद्दा लक्षात ठेवा.

मग १९७६ साली पुन्हा तोच योग आला. नोव्होसिबिर्स्कचे दिमोव्ह आणि लिव्हरमोरचे फाउलर व लोगन, वेगवेगळे बसून एकाच कल्पनेवर पोचले. मोठ्या नळीच्या दोन्ही टोकांना एकेक छोटा आरसा जोडायचा आणि त्यात जास्त दाट प्लाझ्मा कोंडायचा. इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ, ते आधी पळतात. मागे धनभार उरतो. असा दोन्ही दारांशी धनभाराचा एकेक डोंगर उभा राहिला की मधल्या नळीतले आयन, जे स्वतः धनभारित, ते चढावर अडतात आणि परततात. चोर्ला घाट चढता न आलेल्या गाडीने पाठी यावे तसे. लिव्हरमोरच्या पुढच्या यंत्रावर हे डोंगर खरोखर मोजून दाखवले गेले. यंत्रे मात्र गुंतागुंतीची होत गेली. टोकांचे चुंबक एकमेकांत गुंफलेल्या दोन पंजांसारखे, आणि त्यांच्या वाकड्यातिकड्या क्षेत्रामुळे कण आता बाजूंनी सरकू लागले. एक भोक बुजवावे तर दुसरे.

तरीही अमेरिकेने मोठा डाव लावला. लिव्हरमोरला 'एमएफटीएफ-बी' नावाचे प्रचंड यंत्र उभे राहू लागले. त्यातल्या टोकाच्या एका चुंबकाचे वजनच पावणेचारशे टन. खर्च ३७ कोटी डॉलरच्या वर. २१ फेब्रुवारी १९८६ रोजी ऊर्जामंत्री आले, भाषणे झाली, लोकार्पण झाले. आणि लगेच दुसऱ्या दिवशी यंत्राला टाळे लागले. तेल स्वस्त झाले होते, सरकारला खर्च कापायचा होता आणि एकाच घोड्यावर पैसे लावायचे तर तो तोकामाक, असे ठरले. ज्या कामासाठी इतकी वर्षे बांधले, तो प्रयोग त्या यंत्रात एकदाही झाला नाही. नापास झाले असते तर एक वेळ समजू शकलो असतो. त्याला परीक्षेलाच बसू दिले नाही.

आता माझे देणे. त्या वर्षी मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा, खानापूर बाजूचा, सेमिनारला विषय घेऊन आला: चुंबकी आरसा. वहीत त्याने रंगीत पेन्सिलींनी गळतीचा शंकू काढला होता, कोन मोजून. मी नुकतीच ही टाळ्याची बातमी वाचली होती. त्याला म्हणालो, "अरे, हा विषय संपला. दुकान बंद झालं. तोकामाक घे." त्याने तोकामाक घेतला. सेमिनार नेटका केला, गुणही चांगले पडले, पण त्याचे मन त्यात नव्हते हे मला समोर बसून दिसत होते. ती वही मी पुन्हा पाहिली नाही.

दुकान बंद झाले नव्हते, हे मला फार उशिरा कळले. सैबेरियात ते चालूच होते. १९७९ साली मिर्नोव्ह आणि र्‍युतोव्ह यांनी सुचवले होते की शंकू रिकामा राहतो म्हणून भांडण आहे ना, मग तो भरूनच टाका. नळी लांब आणि प्लाझ्मा इतका दाट ठेवा की कण सारखे धक्के खात राहतील. मग तो एखाद्या वायूसारखा वागतो आणि टोकाच्या अरुंद भोकातून सायकलच्या ट्यूबमधल्या हवेसारखा हळूहळू सुटतो. इथे हिशेब पालटतो. भोक दहापट आवळले तर टिकण्याचा काळही दहापट होतो आणि नळीची लांबी दुप्पट केली तर तोही दुप्पट. लॉगॅरिदमची कंजुषी गेली. शिवाय चुंबक साधे गोल वेटोळ्यांचे, पंजे नकोत. पोट सुटण्याच्या त्रासावर त्यांनी नवा तोडगा काढला: कडेच्या वर्तुळांना वेगळा विद्युतदाब देऊन प्लाझ्माची बाहेरची साल आतल्या भागापेक्षा वेगळ्या गतीने फिरवायची. बाहेर येऊ पाहणारी बोटे त्या भोवऱ्यात विसकटतात आणि भिंतीपर्यंत पोचत नाहीत. प्लाझ्माचा दाब त्यांनी चुंबकक्षेत्राच्या दाबाच्या ६० टक्क्यांपर्यंत नेला. तोकामाकात तो सहसा काही टक्केच असतो.

आणि इलेक्ट्रॉन? टोकापलीकडे भिंतीवर प्लाझ्मा आपटला की भिंतीचे गार इलेक्ट्रॉन उलटे आत शिरतात आणि उष्णता चोरतात. म्हणून बुचाबाहेर मोठी टाकी ठेवली, जिथे चुंबकरेषा नरसाळ्यासारख्या पसरतात. क्षेत्र चाळीसेक पटींहून जास्त विरळ केले की भिंतीचे इलेक्ट्रॉन आतपर्यंत पोचू शकत नाहीत. त्यात सूक्ष्मलहरींनी तापवण्याची जोड दिली, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या सात मीटरच्या नळीतले इलेक्ट्रॉन तात्पुरते का होईना, एक कोटी अंशांच्या आसपास गेले. ज्या कारणासाठी साधे आरसे मोडीत काढले होते, त्यातले एक मोठे कारण ढिले पडले. त्याच संस्थेत आता आर्किमिडीजच्या पाणी उपसायच्या स्क्रूसारखे पिळदार क्षेत्र वापरून निसटता प्लाझ्मा उलटा आत ढकलण्याचे प्रयोगही झाले आहेत. मला स्वतःला ही कल्पना सगळ्यांत आवडते, कारण ती बुचाच्या नादी लागत नाही.

अमेरिकेतही दार किलकिले झाले आहे. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या 'व्हॅम' नावाच्या आरशात १५ जुलै २०२४ रोजी पहिला प्लाझ्मा पेटला. त्याच्या टोकांचे चुंबक नव्या अतिवाहक फितीचे, १७ टेस्ला ताकदीचे. दवाखान्यातले एमआरआयचे यंत्र बहुधा दीड टेस्लाचे असते, त्यावरून अंदाज करा. योफेंच्या काळी अशी बुचे कोणाच्या स्वप्नातही नव्हती. भोवऱ्याची युक्ती सैबेरियाची, चुंबक नवे, आणि पुढे दारांशी डोंगर उभे करण्याची १९७६ सालची कल्पनाही त्यांच्या आराखड्यात आहे. रिचर्ड पोस्ट हे पाहायला राहिले नाहीत. २०१५ साली ९६व्या वर्षी ते वारले, पण उतारवयातही साध्या गोल आरशाला स्थिर कसे ठेवावे याचीच गणिते करत होते. बुडकर तर १९७७ सालीच गेले.

निपाणीच्या वाचकांना उत्तर द्यायचे तर ते एवढेच: तोंडे बांधता येतात, पण पूर्ण बांधता येत नाहीत. किती गळेल आणि तेवढ्यात किती पिकेल, या शर्यतीवर सगळे आहे, आणि वीज पिकवण्याइतकी शर्यत आरशाने अजून जिंकलेली नाही. कण तिथे सेकंदाच्या हजारांशांत मोजण्याइतकेच टिकतात.

तो मुलगा आता मुलगा नाही. उद्यमबागेत त्याची फाउंड्री आहे. हे लिहायला घेतले तेव्हा त्याला फोन केला आणि मॅडिसनची हकिकत सांगितली. माझी चूक झाली होती, हेही सांगितले. पलीकडे थोडा वेळ यंत्रांचा आवाजच येत राहिला. मग त्याने विचारले, "सर, इलेक्ट्रॉन किती तापले?" चाळीस वर्षांनी पहिला प्रश्न हा! मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "मग जमेल की. आमच्याकडं पण साचा फुटतोय तो सांध्यातनंच फुटतोय, सगळीकडनं नाही." वही आहे का अजून, असे मी विचारले. माळ्यावर पाहतो म्हणाला. धाकटी बारावीला आहे, तिला कोन मोजायला लावतो.

पत्राच्या शेवटी निपाणीकरांनी लेसरने हायड्रोजनची गोळी चिरडण्याबद्दलही विचारले आहे. तो विषय पुढच्या खेपेला.